देवगांडूळ

गौरी-गणपती जाऊन आठवडा झालेला.
येऊरला, पाटोणपाड्याच्या अलीकडे,
सेप्टिक टँकचा खड्डा गुडघाभर गेला
तेव्हा लक्षी बरफनं घमेलं खाली ठेवलं:
थांब रे जान्या. यो गांडूळ नाय. याला दात हायत.

वळ्यावळ्यांचं अंग, शिसवी,
कडेनं पिवळी पट्टी.
खवले शोधले. पाय शोधले. शेपूट कुठून सुरू होतं तेही.

टेमघरे मुकादम म्हणाला, मांडूळ. लाखांत जातं.
कासारवडवलीचा माणूस तासाभरात आला,
खिशातून सोनाराचा असतो तसला काटा काढला.
अठ्ठावीस ग्रॅम.
सव्वा किलोच्या खाली आपण बघत नाही, म्हणाला,
आणि बोटांचा चिकट बुळबुळीतपणा
नळाखाली तीनदा धुऊन गेला.

मी टेप धरून उभा. नकाशा माझाच.
देवगांडूळ, एवढं नाव मला पुस्तकातून ठाऊक.
देवमासा, देवचाफा, देवमाणूस:
ज्याचं आपण काही लागत नाही
त्याच्यापुढे देव लावून मोकळे होतो.
पाड्यावर काय म्हणता, विचारलं लक्षीला.
काय नाय म्हणत. दिसत नाय तं नाव कशाला?

डोळे कातडीखाली.
डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये मात्र
एक बारीक कोंब, बाहेर येतो, आत जातो,
वीज गेल्यावर भिंतीवरून
बटण चाचपणारं बोट.
लक्षीच्या तळहातावरच्या रेषा
त्यानं सावकाश तपासल्या.

मग जान्यानं ढेकूळ उचललं.
खाली पोकळीत अंड्यांचा घोस,
भिजवलेल्या साबुदाण्याचा चिकटलेला गोळा,
आणि त्याच्याभोवती वेटोळ्याचा ठसा, अजून ओला.
तोवर आम्ही सगळे
ते, ते म्हणत होतो.
लक्षी म्हणाली, ती.

तिला परत ठेवलं. लगेच नाही वळली.
टेमघरेची अख्खी बिडी संपली.
मग अंग एकेक वळीनं
आपल्याच ठशात जाऊन बसलं.

टाकी अडीच मीटर डावीकडे घ्या, मी म्हणालो.
कारण काय लिहू?
लिहा, खडक लागला.

रात्री मालकाचा फोन. खडक?
अहो, तिथे लोण्यासारखी माती आहे.
आहे, म्हटलं. खाली लागला.

नकाशावर त्या जागी पेन्सिलीनं लिहिलंय: खडक.
दिवाळीनंतर कंपाउंडची भिंत निघेल,
तीही नेमकी त्याच रेघेवर.
तेव्हा काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.