काडेपेटीएवढं

मे सरत आलाय. दांड्याच्या गच्चीवर
समुद्रावरून वारा येतो आणि
वाळत टांगलेल्या बोंबलांत अडकून पडतो.
बाबांनी तेलाच्या डब्याला भोकं पाडून
शेगडी केलीय, वर नवी जाळी.
आठवडाभरात होड्या वर ओढतील,
मग दोन महिने ताजं काही नाही,
म्हणून आज अख्खं घर वर आलंय,
आणि माझं पोट, कापून केळ्याएवढं उरलेलं,
तेही आलंय.

नऊ महिने झाले.
एकशे एकवीस किलोंची मी ब्याऐंशीवर आले.
लग्नातली अंगठी आता अंगठ्यात बसते.
वेणी अर्धी झाली.
हात वर केला की दंडाखालची कातडी
वारा पडलेल्या शिडासारखी लोंबते.
कुणी म्हणतं, छान बारीक झालीस,
कुणी म्हणतं, आजारी होतीस का?
मी दोघांनाही हो म्हणते.

खंबाटा मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं:
मासा एका वेळी काडेपेटीएवढा.
घास पंचवीस वेळा चावायचा.
जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही.
आधी मासा, मग भाजी,
भात राहिला तर राहिला.
हे मी घरी येऊन बाबांना वाचून दाखवलं,
आयुष्यभर टोपलीनं मोजणाऱ्या माणसाला.
ते काही बोलले नाहीत.
जाळ्यातली तुटकी गाठ शोधत बसले.

मी बारा वर्षांची असताना तापातून उठले,
तेव्हा त्यांनी मला एकटीला अख्खा पापलेट दिला होता.
मी काटासुद्धा चोखून स्वच्छ ठेवला
म्हणून आळीभर सांगत फिरले,
जणू मी वल्हव मारून आले होते कुठून.

आज रावस आहे.
दही, आलं-लसूण, हळद, तिखट नावाला,
आगळाचे चार थेंब, तेलाचं फक्त बोट.
निखाऱ्यांवर राखेची साय धरेपर्यंत ते थांबतात.
जाळावर टाकला तर मासा बाहेरून करपतो, आत सुकतो,
आणि सुका घास माझ्या छातीत
नांगर टाकून बसतो.
हे त्यांना कुणी सांगितलं?
मी नाही.
आई फरसबी उलटता उलटता हळूच म्हणते,
त्या मॅडमला फोन करतात ते. दर शुक्रवारी.
तुला सांगू नको म्हणालेत.

वेदूला कणीस हवंय, वर लोणी हवंय.
कोपऱ्यात आमरसाचा टोप झाकलेला.
एप्रिलमध्ये मी त्यातली अर्धी वाटी घेतली होती,
आणि मग तासभर न्हाणीच्या गार फरशीवर
घामानं भिजून, धडधडत पडून होते.
टोपाकडे बघते. तो झाकलेलाच बरा.

काकी माझ्या ताटलीत डोकावते.
"का गो, अवरंच?"
सगळे थांबतात. मला नेहमीचं हसू येत नाही.
बाबा लुंगीच्या खोचेतून काडेपेटी काढतात,
शेगडी पेटवली तीच,
कोपरे दबलेली, एका बाजूला खवले चिकटलेली.
ती पाटावर रावसाशेजारी ठेवतात
आणि तिच्या कडेला सुरी लावून कापतात,
सावकाश,
सोनार कापतो तसं.
"अवरंच," ते काकीला म्हणतात.
"हेच माप हाय."

मी चावते. अठरापर्यंत मोजते,
मग मासा इतका चांगला लागतो की आकडा सुटतो.
अर्ध्यावर उचकी येते, एकच.
म्हणजे झालं.
उरलेला तुकडा ते न विचारता
माझ्या ताटलीतून उचलतात, तोंडात टाकतात.

समुद्र काळा होत जातो.
माझ्या पाण्याला अजून अकरा मिनिटं आहेत.
बाबांनी भरपूर तिखट कालवण खाल्लंय,
नाक लाल, कपाळावर घाम,
तांब्या त्यांच्या गुडघ्याजवळ, भरलेला.
ते तांब्याला हात लावत नाहीत.
मधूनच माझ्या घड्याळाकडे बघतात.