सत्तावीस हाडं

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
खिडकीबाहेर कोळशाचा धूर
ओल्या घोंगडीसारखा टेकड्यांवर पडून.

उपमंत्री बोलत होते.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या वाटोळ्या चौकटीत मी,
ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी
त्यांचं बोलणं हातांनी सांगणारी.

ते म्हणाले, "धुराचं काय एवढं?
आपण सगळे चुलीपाशीच वाढलो.
खोकल्यानं पोरं काटक होतात."
सभागृहात थोडं हसू.
मी मूठ छातीवर आपटून 'खोकला' केला,
मग दंड फुगवून 'काटक'.
काम चोख. एक शब्द गळू दिला नाही.

त्यांच्या मेजाखाली हवा गाळायचं यंत्र
मांजरासारखं घुरघुरत होतं.
त्याची खूण करायला
मला कुणी सांगितलं नव्हतं.

वर, चिंगेलतेईच्या चढावर,
गान्खुयाग सुतारानं ते पाहिलं
आणि धाकटीला दवाखान्यात न्यायला काढलेला कोट
परत खुंटीला लावला.
दोन दिवस.
पोर वाचली. हे आधीच सांगते,
नाहीतर तुम्ही सगळा निकाल
तिच्या श्वासावरून लावाल.

पुढे खुलासा आला : गंमत होती, विपर्यास झाला.
दवाखान्यांचा अहवाल त्यांच्यापर्यंत
आदल्या दिवशी पोचला की नंतरच्या,
यावर वर्तमानपत्रं आठवडाभर भांडली.
मीही भांडले, घरी, भांडी घासताना.
माहीत असून बोलले तर एक पाप,
माहीत करून न घेता बोलले तर दुसरं;
दोन्ही तोलून पाहिली,
काटा हलत राहिला.

मग बाजारात गान्खुयाग भेटला.
मंत्र्याचं नाव त्याला आठवत नव्हतं.
त्यानं मूठ छातीवर आपटली,
दंड फुगवला,
आणि बोट माझ्याकडे केलं :
तू म्हणालीस.

रागानं नाही. नुसतं,
ओळख पटल्यासारखं.

जिभेला हाड नसतं, म्हणतात.
हाताला सत्तावीस असतात.
त्या रात्री मी दाबून दाबून मोजली,
मनगटाशी दोनदा चुकले.

मंगळवारी पुन्हा पत्रकार परिषद आहे.
विषय : फ्लू.
मी हात कोमट पाण्यात धरून बसले आहे.