ढवळकांडी

रोस्टॉकला नोव्हेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.
गोदीतल्या क्रेन धुक्यात कमरेपर्यंत बुडालेल्या,
आणि तिसऱ्या मजल्यावर योर्न टिडेमान
वहीत पुन्हा तोच आकडा लिहीत होता:
एक्क्याण्णव टक्के. धातू: शून्य.

शून्याखाली त्याने दोन रेघा मारल्या.
बाकीचे लोक पॅलॅडियम तोळ्यामाशाने मोजत होते,
सोन्यासारखं कुलपात ठेवत होते,
तयार औषधातून पुन्हा गाळून काढत होते,
आणि याच्या चंबूत
दोन वलयं आपणहून एकमेकांचा हात धरत होती.
निबंध छापून आला.
खसखशीचा केक कापला गेला.

फेब्रुवारीत ल्योंहून पत्र:
आमच्याकडे काहीच होत नाही.
मग ओसाकाहून: आमच्याकडेही.
योर्नने पुन्हा केलं. एक्क्याण्णव.
शेजारच्या टेबलावर आन्त्येने केलं,
त्याच बाटल्या, तोच क्षार, तेच तापमान.
शून्य.

आठ रात्री तो द्रावक बदलत राहिला.
नवव्या रात्री
काचा धुणाऱ्या वीबके हार्म्सने
हातमोजे काढता काढता विचारलं,
"तुझी कांडी कुठली?
ती करडा डागवाली? माझ्या खणातली?"

सदतीस वर्षं ती इथे काचा धुते.
आधी एक देश होता, मग दुसरा झाला,
मोरी तीच.
"आमच्या वेळी काही टाकत नसत.
टाकलं तर दुसरं मिळत नसे."

बोटाच्या पेराएवढी कांडी,
पांढऱ्या टेफ्लॉनच्या कातडीत चुंबक,
टोकाशी शिसपेन्सिलीने गिरवल्यासारखं काही.
वीबकेने ती अम्लराजात उकळली.
लख्ख झाली.
त्या दिवशी चंबूत काहीही घडलं नाही.

यंत्राने अम्लात शोधलं: पॅलॅडियम.
कुणा जुन्या विद्यार्थ्याचं,
कधीतरी चिकटून राहिलेलं,
इतकी वर्षं जोड्या जुळवून
नामानिराळं.

निबंध मागे घ्यायचं पत्र
लिहायला योर्नला चार दिवस लागले:
आमच्या शून्यात धातू होता.
आभारात तुमचं नाव घालू का, त्याने विचारलं.
"घाल," वीबके म्हणाली,
"पण मागच्या साहेबांसारखं चुकवू नकोस."

आन्त्ये एवढंच म्हणाली, "किती होता?"
दहा लाखांत चार.
"मग तोंड पाडून काय बसलास?
आपण आजवर चमच्याने घालत होतो."

जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो.
नव्या कोऱ्या कांड्या फिरत असतात,
चिमटीत न मावणारी चिमूट
मोजूनमापून घातलेली,
वहीच्या पहिल्या ओळीत तिचं नाव.
अठ्ठ्याऐंशी टक्के.

उरलेले तीन कुठे जातात
ते अजून कळलेलं नाही.
वीबके सप्टेंबरात निवृत्त झाली.
खणाची किल्ली योर्नच्या हातावर ठेवत म्हणाली,
आत अजून अकरा आहेत,
न धुतलेल्या.