पाव मिलिमीटर

घुमट फिरतो तेव्हा त्याची चाकं कण्हतात.
एकूण चोवीस. सतरावं सगळ्यांच्या आधी.
खालच्या खोलीत चहा ओतता ओतता
माझी मान वर जाते
आणि झानेल विचारते, काय झालं, बिबिनुर आपाय?
काही नाही. सतरावं.

ती तारे मोजते, मी बोल्ट.
तिचे संपत नाहीत.
माझे संपतात, आणि अल्माटीहून यायला
तीन आठवडे लागतात,
तेही रस्ता बर्फाखाली नसला तर.

उणे एकतीसला ग्रीसचं मेण होतं
आणि मेणाचा दगड.
दरीतला तुर्सिनखान म्हणाला,
घोड्याची चरबी लाव,
आमचे लगाम कधी आखडत नाहीत.
मी हसले. फेब्रुवारीत लावून पाहिली.
दोन दिवस घुमट लोण्यासारखा फिरला.
तिसऱ्या रात्री कोल्हे आले.

डोळ्यात तेल घालून जागतात म्हणे माणसं.
माझ्या हातात खरीच तेलाची बुधली असते
आणि डोळा दीड मीटरचा,
त्याला मात्र एक थेंबही लागू द्यायचा नाही.

गेल्या शरदात राजधानीतून पैसे आले,
पैशांबरोबर लेसर आला,
लेसरबरोबर दोन मुलं, स्वच्छ बुटांची.
त्यांनी सांगितलं, बैठक कललेली आहे.
म्हणून मी जॅक लावले,
ध्रुवाकडे रोखलेला तो अक्ष
केसभर उचलला
आणि टॉर्च घेऊन खाली सरपटले.

तिथे पोलादाखाली
पत्र्याचा एक तुकडा होता, कात्रीनं कापलेला.
त्यावर निळी अक्षरं, अजून वाचता येणारी:
घट्ट दूध, साखरेसह.
आणि ओतीव लोखंडावर पेन्सिलीनं:
मला माहीत आहे. काढू नका. वाल्देमार, १९८१.

वाल्देमारला मी एकदाच पाहिलं होतं.
त्याच्या आईबापांना व्होल्गाकाठून
गुरांच्या डब्यात घालून इकडे आणलं होतं.
तो इथेच जन्मला, इथलंच दूध प्याला,
आणि त्र्याण्णव साली,
जिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं
त्या मायदेशी परतला.
तिथे लिफ्ट दुरुस्त करायचा, असं कुणी म्हणालं.
निघताना चाव्या दिल्या,
डब्याबद्दल बोलला नाही.

मी काढला.
काढायलाच हवा होता, कागदावर सही होती.
त्याच मापाची पोलादी चकती घासून बसवली,
पाव मिलिमीटर, धारेला धार.
लेसर खूश झाला. मुलं जेवून गेली.

रात्री झानेलचा तारा फटीतून निसटला.
पुन्हा धरला, पुन्हा निसटला.
चार रात्री.
पाचव्या दिवशी, कुणाला न विचारता,
मी डब्याचा पत्रा परत घातला,
अक्षरं वर, जशी होती तशी.
तारा थांबला.
का, ते मला गणितानं सांगता येत नाही.
करून पाहिलं, दोन वह्या भरल्या.
अहवालात लिहिलं: दुरुस्ती पूर्ण.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे कुठे लावणार,
असं विचारायची पद्धत आहे.
ध्रुव-अक्षाच्या बैठकीखाली, दक्षिणेच्या बाजूला,
डावीकडून दुसरा बोल्ट.

झानेलचा निबंध छापून आला.
कुठल्याशा आकाशगंगेचं अंतर,
शेवटी आभार: मंत्रालय, विद्यापीठ, आरसा घासणारे.
आकड्यापुढे अधिक-उणेचं चिन्ह होतं
आणि त्यापुढे एक अगदी बारीक आकडा.
मी त्यावर बोट ठेवलं.
हे काय?
ही चूक, आपाय, ती म्हणाली,
एवढी तर राहतेच.

पहाट झाली. आकाश बंद करायचं काम माझं.
बटण दाबलं, झडपा निघाल्या,
शुक्र अर्धा कापला गेला, मग उरलेला.
घुमट घरी वळला.
मी कान दिला.
आज एकोणिसावंही.