बंद जवारी

मुबीनने गाळणी बसवून दिली त्याला आता सव्वा वर्ष होईल.
म्हणाला, चाचा, दिवसाला सत्तर मेल येतात तुम्हाला,
त्यातले अडुसष्ट चोर.

खोटं नव्हतं.
कुठल्या कुठल्या देशांत माझ्या नावाने लॉटऱ्या फुटत होत्या.
गुडघ्याचं तेल, निम्म्या भावात सोन्याची नाणी,
आणि एक विधवा बाई, मरायला टेकलेली,
दर मंगळवारी साडेचार कोटी माझ्या हवाली करायची.
मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
आठ बाय दहाच्या दुकानात लाकडाच्या भुशात बसलेला मी,
तिला नेमका कसा सापडलो कोण जाणे.

गाळणी बसली आणि मोबाईल गप्प झाला.
पहिले आठ दिवस झोप चांगली लागली.

पण गप्प वस्तूवर माझा भरवसा नाही.
घोडी घासताना अब्बा मान न उचलता सांगायचे,
कानस एक हात जास्त फिरली
की तार स्वच्छ बोलते
आणि मरते.
तारेखाली केसाएवढी जागा अशी सोडायची
की ती जरा घासली जाईल, कुरकुरेल,
खर धरेल.
लोक त्या कुरकुरीलाच गोडवा म्हणतात.
नवख्याला वाटतं, वाद्यात काहीतरी बिघडलंय.

परवा बिल शोधताना चुकून बोट लागलं
आणि स्पॅमची खोली उघडली.
तेलं, लॉटऱ्या, ती बाई.
आणि तिच्या खाली, सव्वीस दिवसांपूर्वीचं:
"तुमचे माझ्याकडे पैसे निघतात.
कृपया खाते क्रमांक कळवावा."

मीसुद्धा टाकूनच दिलं असतं, खरं सांगतो.
अंगठा तिथेच होता.
पण पुढे लिहिलं होतं,
"पुराच्या साली भिजलेला तंबोरा तुम्ही उभा केलात.
अठराशेपैकी सहाशे दिले होते, मग आमची बदली झाली.
तुमचं ते तीन पायांचं मांजर माझ्या पिशवीत झोपलं होतं."

शालन हेरलेकर. हरिपूर रोडला राहायच्या.
भोपळा फुगून फाटला होता, दांडी तेवढी वाचली होती.
बाराशे रुपये मी कधीच विसरलो होतो,
त्या विसरल्या नव्हत्या.
आणखी चार दिवस गेले असते
तर तीस पुरे होऊन पत्र आपोआप पुसलं गेलं असतं,
कुणाच्या लक्षातही न येता.

चोर माझं नाव जाणतात, गाव जाणतात,
आता तर मराठीही शुद्ध लिहितात.
मांजराचा पाय मोजलेला नसतो त्यांनी.
मशीनने पहिल्या दोन ओळी वाचल्या असणार
आणि वाटेला लावलं.
त्याला तरी काय बोल लावू,
गिऱ्हाईक दारात असतानाच मी हातातली मापं ठरवून मोकळा होतो.

उत्तर लिहिलं, तीनदा खोडून.
"पैसे नकोत. तंबोरा कसा बोलतो तेवढं कळवा.
मांजर गेलं, मागच्या थंडीत."
पाच आठवडे झाले. काही नाही.
त्यांच्याकडेही कुणी मुबीन असेल,
आणि पैसे नकोत म्हणणाऱ्यावर
कुठली गाळणी विश्वास ठेवील.

मग काढून टाकू का, मुबीन विचारतो.
नको.
सत्तर जणांची हाक ऐकत घोडी घासता येत नाही,
कानस सुटते, बोट कापतं.
राहू दे.
फक्त गुरुवारी रात्री, दर्ग्याकडची गर्दी पांगली
की फळी अर्धी लावून घेतो, ती खोली उघडतो
आणि नखाने तार छेडून बघावी
तसं एकेक नाव बघत खाली जातो.
बहुतेक बद्दच वाजतात.
अर्धा तास जातो. जाऊ दे.

ती बाई अजून लिहिते, दर मंगळवारी.
अजून मरायला टेकलेलीच आहे.
मागच्या खेपेला मनात आलं,
पैशाचं राहू द्या, तब्येत कशी आहे,
एवढं तरी विचारावं.