भुताला डोळे

रात्रपाळी संपवून आले, तर रेवत
ओट्यावर गणिताची वही उघडून बसलेला.
त्रैराशिकाच्या खाली तीन मजली केक,
वर एक भूत, आणि बाण मारून लिहिलेलं : चॉकलेट.
"बेसावाल्या पोरांकडे हॅलोवीन असते," म्हणाला,
"आपल्याकडे काऊन नाही?"

आपल्याकडे मारबत असते, म्हणणार होते मी,
काळी, पिवळी, अख्खी इतवारी तिच्यामागे,
इडापिडा तिच्या गळ्यात घालून जाळून येतो आपण.
पण पोळा कधीच झाला होता
आणि मी बारा तास उभी होते.
म्हटलं, चार तास झोपू दे. मग करू.

मोटवानी आंटींचा ओव्हन जिन्याने खाली आणला,
स्ट्रेचर नेतात तसा, तो पुढे, मी मागे.
आंटी वरून ओरडल्या,
वरचा रॉड पेटत नाही, बाकी देवाच्या भरवशावर.

मैदा, कोको, बेकिंग पावडर.
अंडी त्यानं फोडली, टरफलं मी वेचली.
कोहळं कोरतात म्हणे त्या दिवशी.
आमचं कोहळं मंगळवारीच भाजीत गेलेलं.
मग संत्रं घेतलं, अजून अर्धं हिरवं,
टोपी कापली, गर केकात,
सालीला दोन डोळे, तीन दात,
आत वाढदिवसाची उरलेली मेणबत्ती.
घरभर जळक्या सालीचा वास,
कडू, आणि तरी भूक लागेल असा.

पहिला थर फुगला.
दुसरा फुगता फुगता लाईट गेली.
आम्ही दोघं काचेला नाक लावून अंधारात,
आत काय चाललंय ते ऐकू येईल जणू.
लाईट आली तेव्हा थर मधोमध बसलेला, हातभर खळगा.
"कबर!" रेवत नाचलाच.
कबरीत क्रीम भरलं, तिसऱ्या थरानं झाकली.
ऑक्टोबरची दुपार, क्रीम कडेनं खाली यायला लागलं,
केक सोनेगावकडे जरा कलला.
भुताला चालते, तो म्हणाला.

मग भूत.
मारी बिस्किटांचा मनोरा,
त्यावर पांढरं फोंडंट, पातळ लाटून,
वरून अलगद सोडायचं, चादरीसारखं.
इथे माझे हात एकदम हुशार झाले.
कड कुठे पडू द्यायची, चुणी कुठे मोडायची,
डोक्याकडून ओढायची की पायांकडून,
मला न विचारता त्यांना येत होतं.

आज पहाटे चारला, वीस नंबरच्या बेडवर
काटोलचे एक मास्तर, पायात अजून मोजे.
मुलीनं विचारलं, सिस्टर, तोंड झाकलंच पाहिजे का?
मी झाकलं.

"आई, थांबलीस काऊन?"
"झालं की."
"कुठे झालं? डोळे?"

चॉकलेटचे दोन दाणे उचलले त्यानं,
जीभ बाहेर, श्वास धरून
चादरीत टोचले, एक वर, एक खाली.
भूत आमच्याकडे बघायला लागलं.
मी डोळे मिटत आलेय इतकी वर्षं,
दोन बोटांनी, हळूच, घड्याळ बघून वेळ लिहीत.
चादरीतून कुणी असं परत बघितलेलं नव्हतं.
"भीती वाटली?" त्यानं विचारलं, मोठ्या आशेनं.
"खूप," म्हटलं. खोटं नव्हतं.

संध्याकाळी गल्लीतली सात पोरं,
आयांच्या ओढण्या पांघरून, हू हू करत.
केक दहा मिनिटांत संपला, कबरीसकट.
भूत मात्र त्यानं कुणाला दिलं नाही,
फॉइलमध्ये गुंडाळून माझ्या डब्यात घातलं.

मध्यरात्री मेडिकलच्या पॅन्ट्रीत उघडलं,
तर एक डोळा झाकणाला चिकटलेला.
नखानं काढला, परत लावला,
थोडा दाबून, नीट बसेपर्यंत.
तेवढ्यात वीस नंबरची बेल.
नवीन पेशंट होता,
पाणी मागत होता.