पातळ बाजू

गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
काळा दाणा हॉपरमध्ये ओततो मी, एकेक गोणी.
मुठीत घेतला तर उडदासारखा.
बॅरलमध्ये दोनशे दहा अंशांवर त्याचा पाक होतो
आणि डायमधून बाहेर पडतो
सोऱ्यातून शेव पडावी तसा.
फक्त ही शेव पोकळ,
आणि पोकळीत आधीच कुणी येऊन बसलेलं:
बारा काचा, केसाएवढ्या,
निळी, केशरी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी,
लाल, काळी, पिवळी, जांभळी, गुलाबी.
मुलगी म्हणते, पप्पा, अकराच झाल्या.
आकाशी मी दरवेळी विसरतो.

काचांभोवती जेली, जेलीभोवती सूत,
सुताभोवती नालीदार पत्रा,
आणि सगळ्यांवर माझं काळं.
उजेड मी कधी बघितला नाही.
तो दुसरीकडे सोडतात,
ड्रम गेटाबाहेर गेल्यावर.

आधी साठ अंशांचं पाणी, मग गार.
एकदम गार केलं तर साल आक्रसते,
काचेला आतून ओढ बसते.
हे कुणी शिकवलं नाही, भंगारानं शिकवलं.

वडील हुपरीत तार ओढायचे.
जंतरीच्या एका भोकातून चांदी,
मग त्याहून बारीक भोकातून तीच चांदी,
कमरेला पट्टा, पाय भिंतीला टेकवून.
ते आयुष्यभर बारीक करत गेले.
मी जाड करतो.
म्हणायचे, "टंच कमी असला तरी पैंजण तसंच वाजतंय.
कळतंय ते फक्त घडविणाऱ्याला."

मेहजबीन मुजावर क्वालिटीला.
तुकडा कापते, चकती भिंगाखाली धरते,
चार बाजूंची जाडी वहीत उतरवते.
फेब्रुवारीत त्या रात्री ती रजेवर,
कागलला भावाचं लग्न.
मोजायचं माझ्याकडे होतं.
वर २.२, डावी-उजवी १.८,
खाली १.४.
डाय मध्यातून सरकलेली.
चार बोल्ट, एक पाना.
पण मागचं कापायचं तर पाचशे मीटर भंगार,
चार किलोमीटरचा ड्रम अर्धवट,
आणि सकाळी गाडी लागलेली.
मर्यादा दीडची.
मी वहीत दीड लिहिलं.

मग बोल्ट आवळले.
पुढचं सगळं बरोबर निघालं,
हे सांगायला मला आवडतं.

छापयंत्र दर मीटरला आकडा मारतं.
२२१४ ते २७०६.
रेशनकार्डाचा नंबर सांगता येत नाही मला,
हे येतात.

दिवाळीच्या आधी, पट्टणकोडोलीच्या रस्त्याला,
चर खणलेली दिसली.
ड्रमवर आमचं नाव.
गाडी स्टँडला लावून वाकलो:
२४९०. २४९१. २४९२.
केबलीवरून बोट फिरवलं सगळीकडून.
चार दशांश बोटाला कळत नाहीत.
"काय हरवलंय काय, पावणं?"
चरीतून यल्लाप्पा म्हणाला, हातात फावडं.
मी म्हटलं, "तिथं दगुड हाय बघ खाली, टोकाचा."
त्यानं दगड काढून फेकला.
वर दोन घमेली वाळू जादाच टाकली,
माझं तोंड बघून असेल.

आता पट्टणकोडोलीहून बहिणीचा व्हिडिओ कॉल येतो,
मुलगी फोन ताटाशेजारी उभा करते.
मध्येच बहीण थांबते,
तोंड उघडं, हात हवेत,
मागचं मांजरही उडी मारता मारता तसंच.
मुलगी म्हणते, नेटवर्क.
असेलही. टॉवरचं असतं बहुतेक वेळा.
मला मात्र मुंग्या दिसतात,
ओल दिसते, खालच्या अंगानं
सावकाश चढणारी.
घास हातात ठेवून मी मोजत बसतो,
निळी, केशरी, हिरवी, तपकिरी,
सावकाश, एकेक,
पार आकाशीपर्यंत,
आणि मांजर खाली उतरतं.